कारंजा लाडचा कापूसबाजार

वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड येथे 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने देशातील पहिला नियंत्रित कापूसबाजार उभा राहिला. त्याआधी अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (1861-65) कापसाचे भाव भडकले आणि वऱ्हाडची काळी जमीन मँचेस्टरच्या गिरण्यांशी जोडली गेली. पैसा आला, पण तो शेतकऱ्याच्या हाती पुरता पोहोचत नसे. त्या काळच्या बाजारांत अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवत. गाडीवर बसलेल्या शेतकऱ्याला आकडा कळतच नसे. पुढे तोलाई, हमाली, कडता (वजनातील सूट), धर्मादाय अशी कपात होई. त्यातच पेरणीसाठी सावकाराकडून उचल घेतलेली असली, तर भावासाठी थांबण्याची सोयही उरत नसे. खरी नाडवणूक इथेच होती.

1897 च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने बाजार समिती आणि अडते-मापाऱ्यांचे परवाने आले. 1928 मध्ये शाही कृषी आयोगाने देशभर नियंत्रित बाजारांची शिफारस केली. महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा 1963 चा. 1972 पासून मात्र, कापूस फक्त राज्य सरकारने विकत घेण्याची एकाधिकार खरेदी योजना लागू असेपर्यंत, कापसाचा लिलावच थांबला होता.