शब्दवेध : तुरुंग

आमच्या मित्रमंडळींच्या सायंकालीन बैठकीत एखाद्या शब्दाच्या कुळीचा विषय निघाला, की पैज लागल्याखेरीज कोणी उठत नाही. परवा ‘तुरुंग’ या शब्दाचा मुकदमा उभा राहिला. आणि कचेरीत दप्तर सांभाळण्यात हयात घालवलेल्या एका स्नेह्यांनी, केवळ यमकाच्या जोरावर, तुरुंग आणि सुरुंग ही सख्खी भावंडे असून एकाने माणसाला आत टाकावे व दुसऱ्याने बाहेर काढावे अशी त्यांची वाटणी आहे, असा निवाडाही देऊन टाकला. युक्तिवाद मनोहर, पुरावा मात्र शून्य!

सुरुंग म्हणजे कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील ‘सुरुङ्गा’, आणि तिचे मूळ नळी या अर्थाच्या ग्रीक ‘सिरिंक्स’मध्ये असावे, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. तुरुंगाचे घराणे निराळे. आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवर १९१३ साली ग्रंथ सिद्ध करणारे गोमंतकीय पंडित दाल्गाद यांच्या शोधाच्या वाटेने गेले, की आपण ‘त्रोंकु’ या पोर्तुगीज शब्दापाशी पोहोचतो. त्याचा मूळ अर्थ झाडाचे खोड. पुढे कैद्याचे पाय ज्यात अडकवीत ते जड लाकूड, आणि अखेरीस ते लाकूड जिथे असे ती इमारत. आपल्याकडेही खोडावरून खोडा झालाच की!

कैदखाना, बंदिशाळा, कारागृह असे शब्द दिमतीस असूनही सरकारी हुद्दा आजतागायत ‘तुरुंगाधिकारी’च आहे : पूर्वार्ध पोर्तुगीज, उत्तरार्ध संस्कृत.