दिव्यांग अर्थसाहाय्य : कपातीचा वाद (कामथडी परिसर, भोर व वेल्हे)

दिव्यांग व्यक्तींना शासनाकडून दरमहा मिळणारी रक्कम, तिचे निकष आणि ती बंद पडण्याची कारणे यांवरून महाराष्ट्रात चालू असलेला सार्वजनिक वाद. सरकारी कागदावर या रकमेला ‘अर्थसाहाय्य’ म्हणतात. गावात ती ‘पेन्शन’ किंवा नुसती ‘निराधार’ असते, आणि बऱ्याच घरांत चक्क ‘पगार’. तहसील कचेरीतले संबंधित टेबल ‘संगायो’ या नावाने ओळखले जाते. संजय गांधी योजनेचे हे आखूड रूप भोरपासून भंडाऱ्यापर्यंत सारखेच चालते.

स्थान : कामथडी हे भोर तालुक्यातले पुणे–सातारा महामार्गालगतचे गाव, एका अंगाला नसरापूर, दुसऱ्या अंगाला कापूरहोळ. इथल्या दिव्यांगाला दोन दिशा सांभाळाव्या लागतात. कान, डोळे किंवा मनोविकाराची मोठी तपासणी असली की उत्तरेला पुणे, म्हणजे ससून नाही तर औंधचे जिल्हा रुग्णालय. पैशाचे काम असले की कापूरहोळला वळून भोरची तहसील. एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, पण सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो तो बुडतोच. शेजारच्या वेल्ह्यात (आता राजगड तालुका) पानशेतच्या पाण्यामागच्या वाड्यांना हाच प्रवास दुप्पट पडतो.

नामकरण : १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते २१ केले. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला आणि कार्यालयांच्या पाट्या भराभर बदलल्या. चळवळीतल्या अनेकांना तो रुचला नाही. कामथडीच्या पारावर आजही ‘अपंगाचा दाखला’ असेच म्हणतात.

योजना : संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्व, महाराष्ट्रात १५ वर्षे वास्तव्य आणि उत्पन्नाची अट या तिच्या मुख्य चौकटी. ६५ वर्षांनंतर लाभार्थी श्रावणबाळ योजनेकडे जातो. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना वेगळी: ती ८० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला दरमहा ३०० रुपये देते आणि उरलेली रक्कम राज्य घालते. राज्याची रक्कम दीर्घकाळ ६०० रुपये होती. २०१९ मध्ये ती १००० झाली आणि जुलै २०२३ पासून १५००. आकडे पाहता कपात कुठेच नाही, उलट वाढच आहे. वाद तिथूनच सुरू होतो.

कपातीचे स्वरूप : ‘दिव्यांगांचे अनुदान कमी करण्यात येत आहे’ असा शासन निर्णय महाराष्ट्रात निघत नाही. इथली कपात दाखल्यांतून होते. आकडा तसाच राहतो, यादी आखडते. त्यामुळे शासन ‘अपात्र’ म्हणते, संघटना ‘बंद’ म्हणतात, आणि दोघेही एकाच माणसाबद्दल बोलत असतात.

यातला सर्वांत जड कागद उत्पन्नाचा दाखला. या योजनेत इतर निराधारांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये, दिव्यांगांसाठी ५०,००० रुपये. हिशेब बोटांवर होतो. २०२५–२६ साठी रोजगार हमीचा राज्यातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. घरातल्या माणसांनी मिळून वर्षात १६० दिवस त्या दराने काम केले तर ४९,९२० रुपये होतात. १६१व्या दिवशी घरातला दिव्यांग कागदोपत्री निराधार राहत नाही. कोणत्याही घराला १६१ दिवस कामाशिवाय भागत नाही हे दाखला देणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. म्हणून दाखल्यावरचा आकडा बहुधा मर्यादेच्या अलीकडे येऊन थांबतो. ही लबाडी म्हणावी की व्यवहार, यावर मतभेद आहेत. ज्या मर्यादेखाली खरे बोलून जगताच येत नाही ती मर्यादाच खोटी आहे, हे मात्र प्रस्तुत नोंदकाराला स्पष्ट दिसते. महामार्गालगतच्या गावांत अडचण आणखी वाढते. भाऊ शिरवळच्या कारखान्यात कंत्राटावर लागला, त्याचा पगार बँकेत दिसू लागला, आणि शिधापत्रिका एकत्र असली की बहिणीचे ‘निराधार’ प्रश्नचिन्हाखाली येते.

दुसरा कागद हयातीचा दाखला. लाभार्थी जिवंत आहे हे दरवर्षी सिद्ध करावे लागते. तिसरे म्हणजे आधार. २०२४ च्या अखेरीपासून रक्कम थेट लाभ हस्तांतरणाने, म्हणजे आधारशी जोडलेल्या खात्यात, जाऊ लागली. त्यापूर्वी तहसीलमधून बँकेला याद्या जात आणि महिनेच्या महिने रखडत. तो खोळंबा नव्या पद्धतीने कमी केला हे मान्य करावे लागेल. पण खाते आधारशी जोडलेले नसेल, नावातले एक अक्षर जुळत नसेल किंवा बोट उमटत नसेल तर पैसे अडतात. सेतू केंद्रातले दृश्य असे असते: यंत्रावर बोट ठेवले जाते, काचेखालचा दिवा लागतो, पडद्यावर नकार येतो. ऑपरेटर बोट फडक्याने पुसायला सांगतो, मग दुसरे बोट, मग दुसरा हात. जन्मभर खुरपे धरलेल्या किंवा कुष्ठरोगाने बोथट झालेल्या बोटांवर रेषाच उरलेल्या नसतात. बुबुळाचा पर्याय असतो. दृष्टिहीनाच्या बाबतीत तोही दगा देतो. कुष्ठरोगमुक्ती आणि अंधत्व हे दोन्ही कायद्यातल्या २१ प्रकारांत आहेत.

बौद्धिक दिव्यांग : खाते बहुधा पालकाबरोबर जोडखाते असते.

लाडकी बहीण योजनेशी संबंध : जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू झाली. वय २१ ते ६५, उत्पन्नमर्यादा अडीच लाख, दरमहा १५०० रुपये. दुसऱ्या शासकीय योजनेतून १५०० किंवा त्याहून अधिक मिळत असल्यास स्त्री अपात्र, अशी अट होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी अपात्र ठरलेल्या सुमारे ५ लाख स्त्रियांचा तपशील जाहीर केला. त्यांतल्या २ लाख ३० हजार संजय गांधी निराधार योजनेच्या लाभार्थी होत्या.

शासनाच्या बाजूने पाहिले तर एका व्यक्तीला एकच लाभ हे तत्त्व सरळ आहे. दुसऱ्या बाजूने गणित वेगळे दिसते. सप्टेंबर २०२५ पर्यंत धडधाकट स्त्रीला १५०० आणि दिव्यांग स्त्रीलाही १५००, तर दिव्यांगत्वाचे मोल शून्य झाले. शिवाय एकाच छपराखाली दोन लाख उत्पन्न असलेल्या घरातली सून लाडकी बहीण ठरते आणि चालता न येणारा दीर ५०,००० च्या अटीवर अडतो. २०१६ च्या अधिनियमाचे कलम २४ सांगते की इतरांसाठीच्या तत्सम योजनांपेक्षा दिव्यांगांचे साहाय्य किमान २५ टक्के अधिक असावे. १५०० वर २५ टक्के म्हणजे १८७५. लाडकी बहीण ही ‘तत्सम’ योजना आहे की नाही, यावर दोन मते संभवतात.

आंदोलने : राज्यात हा प्रश्न रस्त्यावर आणण्याचे श्रेय (काहींच्या मते अपश्रेयही) प्रहार जनशक्ती पक्षाचे बच्चू कडू यांच्याकडे जाते. अचलपूरचे ते २००४ ते २०२४ आमदार होते. २०१७ मध्ये नाशिक महापालिकेत दिव्यांगांसाठीचा ३ टक्के निधी खर्च न झाल्यावरून त्यांचा आयुक्तांशी खटका उडाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापला, त्यामागेही त्यांचा आग्रह होता. जून २०२५ मध्ये त्यांनी अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरी येथे अन्नत्याग केला. शेतकरी कर्जमाफीबरोबर दिव्यांगांना दरमहा ६००० रुपये ही मागणी होती. हा आकडा हवेतला नव्हता, कारण आंध्र प्रदेशाने जुलै २०२४ पासून दिव्यांगांचे निवृत्तिवेतन ३००० वरून ६००० केले होते. आठवड्याभराचे हे उपोषण मंत्री उदय सामंत यांच्या भेटीनंतर थांबले.

भोर-वेल्हे भागात या वादाला मोर्चाचे रूप क्वचितच आले. बारामती लोकसभा मतदारसंघात असलेल्या या तालुक्यांत चर्चा रकमेपेक्षा कुबड्या, श्रवणयंत्रे आणि तीनचाकी सायकली यांच्या शिबिरांभोवती फिरली. खासदार सुप्रिया सुळे यांनी सहायक साधनांच्या वाटपाचा प्रश्न वेळोवेळी जाहीरपणे मांडला. शिबिराचे छायाचित्र छापून येते. बंद झालेल्या खात्याचे येत नाही.

पडताळणी : २०२४ मध्ये पुण्यातल्या एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला. त्यानंतर प्रमाणपत्रांबद्दल संशयाचे वारे सुटले. २०२५ मध्ये दिव्यांग कल्याण विभागाचे सचिव तुकाराम मुंढे यांनी सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी हाती घेतली. नोकरीत आरक्षणाच्या ४ टक्के जागा बनावट दाखल्यांनी खाल्ल्या जातात, हा आरोप खऱ्या दिव्यांगांचाच होता, त्यामुळे संघटनांनी या मोहिमेचे स्वागत केले. मात्र चाळीस हजारांच्या नोकरीसाठी काढलेला खोटा दाखला आणि तेव्हाच्या दीड हजाराच्या अनुदानासाठी काढलेला खरा दाखला यांना एकाच चाळणीतून घातले, तर त्रास कोणाला अधिक होतो हे वेगळे सांगायला नको. दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राचे रंगही आता लोकांच्या तोंडी आहेत: ४० ते ७९ टक्क्यांना पिवळे, ८० व पुढे निळे.

ग्रामपंचायतीचा निधी : ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते, पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. महामार्गालगत हॉटेले आणि गोदामे असलेल्या गावाला घरपट्टी जमते, डोंगरातल्या वाडीला नाही. ५ टक्के दोन्हीकडे सारखेच.

परदेशातील समांतर उदाहरण : ब्रिटनमध्ये मजूर पक्षाच्या सरकारने मार्च २०२५ मध्ये दिव्यांग भत्त्यांचे निकष कडक करून सुमारे ५ अब्ज पौंड वाचवण्याचा बेत मांडला. स्वपक्षाच्याच १२० हून अधिक खासदारांनी विरोधात सह्या केल्या आणि १ जुलैला मतदानाच्या तोंडावर सरकारने त्यातला मुख्य भाग मागे घेतला. याच भत्त्यातल्या कपातीवरून मार्च २०१६ मध्ये इयन डंकन स्मिथ यांनी मंत्रिपद सोडले होते. तिथे कपात विधेयकातून येते, तिला तारीख असते, म्हणून ती अडवता येते. भोरच्या संगायो टेबलावर अशी तारीख नसते. माणसाला पासबुक भरून घेतल्यावर कळते.

विस्तार : २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९,६३,३९२ दिव्यांग होते. ती गणना जुन्या व्याख्येवर झाली होती.

सद्यःस्थिती : ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने संजय गांधी व श्रावणबाळ योजनांतील दिव्यांगांच्या रकमेत १००० रुपयांची वाढ मंजूर केली आणि ऑक्टोबर २०२५ पासून ती २५०० झाली. केंद्राचा हिस्सा २०१२ पासून ३०० रुपयेच आहे.