बर्फाचा वाफसा

६ डिसेंबर १९८१. गोव्याच्या मुरगाव बंदरातून ‘पोलर सर्कल’ नावाचं एक नॉर्वेजियन जहाज निघालं. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांचं भारतीय पथक त्यावर होतं. ९ जानेवारी १९८२ रोजी ही मंडळी अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरली आणि २१ फेब्रुवारीला गोव्याला परतली. भारताची ही पहिली अंटार्क्टिका मोहीम. तिच्याविषयी बोलताना आपण तिथे फडकलेल्या तिरंग्याची आठवण काढतो, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या तारखांचं कुतूहल वाटतं. डिसेंबरातच का निघायचं? फेब्रुवारीतच का परतायचं?

हल्ली आपल्याकडची माणसंही बर्फाच्या समुद्रावर सहलीला जातात. कोणी अलास्काला, कोणी नॉर्वेला, तर कोणी थेट अंटार्क्टिकाला. त्यांचा पहिला प्रश्न असतो, कधी जावं? या प्रश्नाचं उत्तर इतिहासात सापडतं.

दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे. आपल्याकडे मे महिन्यात अंगाची लाही होत असते, तेव्हा तिकडे हिवाळ्याची चाहूल लागलेली असते. भारताच्या ‘मैत्री’ केंद्रावर मेअखेरपासून जवळपास दोन महिने सूर्य उगवतच नाही. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र गोठत गोठत सप्टेंबरात सुमारे १ कोटी ८० लाख चौरस किलोमीटरवर बर्फ पसरतो, म्हणजे आपल्या देशाच्या पाचपटीहून अधिक. मग तो वितळू लागतो आणि फेब्रुवारीत तीस लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हीच काय ती उघडलेली वाट.

पण नुसती तारीख पाहून भागत नाही. मी मंद्रूपचा, सीना आणि भीमा यांच्या मधल्या काळ्या रानातला. आमच्याकडे पाऊस पडला म्हणून कोणी लगेच ज्वारीची पाभर धरत नाही. चिखल असेल तर पाभर चालत नाही, आणि उशीर केला तर ओल उडते. वाफसा यावा लागतो. तो पंचांगात लिहिलेला नसतो. माती हातात घेऊन पाहावा लागतो.

बर्फालाही असाच वाफसा असतो. शॅकल्टन या दर्यावर्दीचं ‘एन्ड्युरन्स’ जहाज ५ डिसेंबर १९१४ रोजी साउथ जॉर्जिया बेटावरून दक्षिणेकडे निघालं. आपल्या मोहिमेच्या तारखेत आणि या तारखेत एका दिवसाचा फरक! तिथल्या व्हेल पकडणाऱ्या खलाशांनी त्याला सांगितलं होतं, की यंदा बर्फ फार आहे. तो महिनाभर थांबलाही. तरी जानेवारी १९१५ मध्ये जहाज वेडेल समुद्रात अडकलं, आणि बर्फाने चिरडून त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला बुडालं. जहाजावरची २८ माणसं वाचली, पण अतोनात हाल सोसून. महिना बरोबर होता, त्या वर्षीचा बर्फ तयार नव्हता.

हा उन्हाळा किती मोलाचा, हे आपल्या तिसऱ्या मोहिमेने दाखवलं. डिसेंबर १९८३ मध्ये ती गोव्याहून निघाली. त्या एकाच उन्हाळ्यात ‘दक्षिण गंगोत्री’ हे केंद्र उभं राहिलं आणि बारा जण पुढचा हिवाळा काढायला मागे राहिले. याच मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या या पहिल्या स्त्रिया.

उत्तरेची गोष्ट वेगळी. नॉर्वेचा किनारा उबदार सागरी प्रवाहामुळे गोठत नाही. म्हणून २ जुलै १८९३ रोजी तिथे सुरू झालेली ‘हुर्टिग्रुटेन’ ही टपाल-जहाजांची सेवा बारमाही होऊ शकली. उत्तर अटलांटिकमध्ये मात्र वसंत ऋतूच घातकी. ग्रीनलंडच्या हिमनद्यांतून सुटलेले हिमनग याच दिवसांत प्रवाहाबरोबर दक्षिणेला, जहाजांच्या वाटेवर उतरतात. ‘टायटॅनिक’ची धडक १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीची. थंडी सरत आली होती, धोका वाढत होता.

सहलीच्या जहाजांनाही बर्फाने सूट दिलेली नाही. लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी १९६६ मध्ये पर्यटकांना अंटार्क्टिकाला नेलं आणि १९६९ मध्ये अशा सफरींसाठी खास जहाज बांधून घेतलं. तेच जहाज ‘एक्सप्लोरर’ या नावाने २३ नोव्हेंबर २००७ रोजी, हंगामाच्या सुरुवातीलाच, बर्फावर आदळून बुडालं. लाइफबोटींत तासन्‌तास काढलेल्या १५४ जणांना दुसऱ्या जहाजाने सुखरूप उचललं.

मग जावं कधी? आधी काय पाहायचं ते ठरवावं. अंटार्क्टिकात नोव्हेंबरात बर्फ कोरा असतो आणि पेंग्विनांची घरटी बांधण्याची लगबग चालू असते. डिसेंबर-जानेवारीत पिल्लं आणि न संपणारा दिवस, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हेल मासे. मे महिन्याच्या सुट्टीतच जाणं शक्य असेल, तर उत्तरेकडे वळावं. अलास्काचा हंगाम तेव्हा नुकताच उघडलेला असतो आणि पाऊस कमी असतो. सप्टेंबरात तो वाढतो. नॉर्वेच्या उत्तर टोकाला मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य मावळत नाही. ध्रुवीय प्रकाशाचा खेळ पाहायचा तर मात्र अंधार हवा, सप्टेंबरअखेर ते मार्च. मध्यरात्रीचा सूर्य आणि हा प्रकाश, दोन्ही एका तिकिटात मिळत नाहीत.

आता आणखी एक गोष्ट घडते आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अंटार्क्टिकाभोवतीचा सागरी बर्फ १८ लाख चौरस किलोमीटरच्याही खाली गेला. उपग्रहांनी मोजणी सुरू केल्यापासूनचा तो नीचांक होता. वाट रुंद झाली म्हणून सहलवाल्यांना आनंद वाटेल. पण आमच्या रानात अवेळी पाऊस आला की जुनी माणसं खूश होत नाहीत. ती गप्प होतात. आजोबांनी सांगितलेला वाफसा नातवाला लागू पडेलच, याची खात्री आता ना काळ्या मातीत उरली आहे, ना पांढऱ्या बर्फात. तेव्हा निघताना पैसे आणि गरम कपड्यांबरोबर थोडी सबुरीही घ्यावी. कप्तान ‘आज उतरता येणार नाही’ म्हणाला, तर हुज्जत घालू नये. त्याने बर्फ पाहिलेला असतो, आपण फक्त जाहिरात.