दंतोपचारातील शमन

दंतोपचारातील शमन म्हणजे दातांच्या उपचारांची तीव्र भीती वाटणाऱ्या रुग्णाची चिंता औषधांच्या साहाय्याने कमी करण्याची वैद्यकीय पद्धत होय. तिला सेडेशन असेही म्हणतात. बोलीभाषेत 'गुंगी देणे' हा शब्दप्रयोग रूढ आहे. दंतवैद्यकात बहुतांश वेळा वापरले जाते ते सचेत शमन. त्यात रुग्ण शुद्धीवर असतो, स्वतः श्वास घेतो आणि दंतवैद्याच्या बोलण्याला प्रतिसाद देतो. मात्र त्याची भीती आणि ताण ओसरलेला असतो. शमनाचे तीन प्रमुख मार्ग आहेत: नाकावाटे नायट्रस ऑक्साइड वायू देणे, तोंडावाटे शामक औषध देणे आणि शिरेतून औषध टोचणे. शमनाने भीती कमी होते, वेदना नव्हे. त्यामुळे शमन दिलेल्या रुग्णालाही दात किंवा हिरडी बधिर करण्याचे इंजेक्शन सहसा द्यावेच लागते.

## दंतोपचारांची भीती

दंतवैद्याकडे जाताना थोडी धास्ती वाटणे सर्वसामान्य आहे. काही व्यक्तींमध्ये मात्र ही भीती इतकी तीव्र असते की त्या वर्षानुवर्षे तपासणीही टाळतात. बालपणातील वेदनादायक अनुभव, सुईची भीती, ड्रिलचा आवाज, खुर्चीवर आडवे पडल्यावर येणारी असहायतेची भावना आणि घरातील मोठ्यांकडून ऐकलेले किस्से ही तिची नेहमीची कारणे होत. काहींना तोंडात उपकरण जाताच उमासे येतात व त्यामुळे उपचार अशक्य होतात.

टाळाटाळीतून एक दुष्टचक्र निर्माण होते. लहानशी कीड वेळीच भरली गेली नाही तर ती दाताच्या गाभ्यापर्यंत पोहोचते. मग रूट कॅनाल करणे किंवा दात काढणे भाग पडते. सुजलेल्या व संसर्ग झालेल्या जागी बधिरता नीट येत नाही, त्यामुळे हा उपचार अधिक त्रासदायक ठरतो आणि मूळची भीती पक्की होते. हे चक्र तोडणे हा शमनाचा मुख्य हेतू आहे.

भीतीची तीव्रता मोजण्यासाठी प्रश्नावल्या वापरल्या जातात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये चार प्रश्नांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. १९९५ मध्ये गेरी हम्फ्रिस व सहकाऱ्यांनी तिच्यात इंजेक्शनच्या भीतीविषयीचा पाचवा प्रश्न जोडला. या सुधारित मोजपट्टीवर ५ ते २५ गुण मिळतात. १९ किंवा त्याहून अधिक गुण तीव्र भीतीचे निदर्शक मानले जातात.

## बधिरीकरण, शमन आणि संपूर्ण भूल

मराठीत 'भूल' हा शब्द जागा बधिर करण्यासाठीही वापरला जातो आणि रुग्णाला बेशुद्ध करण्यासाठीही. त्यामुळे रुग्णांचा गोंधळ होतो. वैद्यकीयदृष्ट्या या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

* स्थानिक बधिरीकरण: लिडोकेनसारखे औषध मज्जातंतूजवळ टोचून त्या भागातील वेदना थांबवली जाते. रुग्णाच्या मनःस्थितीवर त्याचा थेट परिणाम होत नाही.
* शमन: औषधाचा परिणाम मेंदूवर होतो. भीती व ताण कमी होतो. वेदनेचा मार्ग मात्र पूर्णपणे बंद होत नाही.
* संपूर्ण भूल: रुग्ण बेशुद्ध होतो आणि वेदनेनेही जागा होत नाही. श्वसनमार्ग मोकळा ठेवण्याची जबाबदारी भूलतज्ज्ञाकडे जाते.

## इतिहास

शमनाचा आणि एकूणच भूलशास्त्राचा इतिहास दंतवैद्यकाशी निगडित आहे. नायट्रस ऑक्साइड वायू जोसेफ प्रीस्टली यांनी १७७२ मध्ये शोधला. हम्फ्री डेव्ही यांनी स्वतःवर प्रयोग करून १८०० मध्ये त्याच्या गुणधर्मांविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला व शस्त्रक्रियेतील वेदना कमी करण्यासाठी तो उपयोगी पडू शकेल असे सुचवले. तरीही पुढील चार दशके हा 'हास्यवायू' प्रामुख्याने करमणुकीच्या खेळांतच वापरला गेला.

१० डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे गार्डनर कोल्टन यांच्या अशाच एका खेळात वायू हुंगलेल्या माणसाच्या पायाला जखम झाली, पण त्याला वेदना जाणवली नाही. प्रेक्षकांत असलेले दंतवैद्य होरेस वेल्स यांनी हे हेरले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतः वायू घेऊन सहकारी जॉन रिग्ज यांच्याकडून आपली दाढ काढून घेतली. जानेवारी १८४५ मध्ये बॉस्टन येथे केलेल्या जाहीर प्रात्यक्षिकात मात्र रुग्ण ओरडला आणि वेल्स यांची हेटाळणी झाली. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्यांचे पूर्वीचे भागीदार, दंतवैद्य विल्यम मॉर्टन यांनी बॉस्टनमध्येच ईथरचे यशस्वी प्रात्यक्षिक केले. १८६३ पासून कोल्टन यांनी दात काढण्यासाठी नायट्रस ऑक्साइडचा वापर पुन्हा सुरू केला. १८६८ मध्ये शिकागोचे शल्यविशारद एडमंड अँड्र्यूज यांनी त्यात ऑक्सिजन मिसळण्याचा पुरस्कार केला. आजची पद्धत या मिश्रणावरच आधारलेली आहे.

स्वीडनमध्ये नील्स लॉफग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केलेल्या लिडोकेनमुळे स्थानिक बधिरीकरण भरवशाचे झाले. त्यामुळे वेदना थांबवण्याचे काम बधिरीकरणाकडे आणि भीती कमी करण्याचे काम शमनाकडे अशी विभागणी शक्य झाली. १९४५ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथे नील्स यॉर्गेनसेन यांनी दंतरुग्णांना शिरेतून शामक औषधे देण्याची पद्धत रूढ केली. १९६० च्या दशकात डायझेपाम आणि १९८० च्या दशकात मिडाझोलाम ही बेंझोडायझेपाइन गटातील औषधे वापरात आली व जुनी बार्बिट्युरेट औषधे मागे पडली.

ब्रिटनमध्ये दंतचिकित्सालयांतच संपूर्ण भूल देण्याची प्रथा दीर्घकाळ होती. तेथील मृत्यूंमुळे तिच्यावर टीका झाली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शासकीय अहवालानंतर दंतोपचारांसाठीची संपूर्ण भूल २००१ अखेर रुग्णालयांपुरती मर्यादित करण्यात आली आणि सचेत शमनाला प्राधान्य मिळाले.

## शमनाच्या पातळ्या

अमेरिकी भूलतज्ज्ञ संघटनेच्या वर्गीकरणानुसार शमनाच्या तीन पातळ्या आहेत.

* सौम्य शमन: रुग्ण जागा असतो व बोलण्याला नेहमीसारखा प्रतिसाद देतो.
* मध्यम शमन: रुग्ण पेंगुळलेला असतो, बोलल्यावर किंवा बोलून हलके हलवल्यावर हेतुपूर्वक प्रतिसाद देतो. श्वसन पुरेसे असते.
* गाढ शमन: रुग्ण सहज जागा होत नाही; वारंवार हलवल्यावर किंवा वेदना झाल्यावरच प्रतिसाद देतो. श्वसनाला मदत लागू शकते.

यापुढची अवस्था संपूर्ण भुलीची होय. या पातळ्यांमध्ये ठळक सीमारेषा नसते. एकाच मात्रेने एका रुग्णाला केवळ सुस्ती येते, तर दुसरा गाढ शमनात जाऊ शकतो. म्हणून इच्छित पातळीपेक्षा एक पातळी पुढे गेलेल्या रुग्णाला सावरण्याचे कौशल्य व साधने उपचारकाकडे असणे बंधनकारक मानले जाते. रुग्ण बोलण्याला प्रतिसाद देत आहे की नाही, ही सचेत शमनातील सर्वांत साधी आणि महत्त्वाची खूण आहे. याच कारणाने काही मार्गदर्शक सूचना तोंड उघडे ठेवणारा ठोकळा सरसकट वापरू नये असे सांगतात. स्वतःहून तोंड उघडे ठेवता न येणे हे गुंगी वाढल्याचे लक्षण असते आणि ठोकळ्यामुळे ते झाकले जाते.

## पद्धती

### औषधांविना उपाय

मार्गदर्शक सूचनांनुसार औषधांपूर्वी वर्तनात्मक उपायांचा विचार केला जातो. प्रत्येक पायरी आधी सांगणे, दाखवणे आणि मग करणे. रुग्णाने हात वर करताच काम थांबवणे. हिरडीवर बधिर करणारे मलम लावून मगच सुई टोचणे, हे त्यांतील काही होत. तीव्र भीतीवर बोधात्मक वर्तनोपचार उपयुक्त ठरतो. शमनाने भीती त्या दिवसापुरती दूर होते, तर वर्तनोपचाराने ती मुळातून कमी होण्याची शक्यता असते. त्यामुळे हे दोन्ही मार्ग परस्परपूरक मानले जातात.

### श्वासावाटे शमन

नाकावर बसवलेल्या छोट्या मास्कमधून नायट्रस ऑक्साइड व ऑक्सिजन यांचे मिश्रण दिले जाते. सुरुवात शुद्ध ऑक्सिजनने करून वायूचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवतात. बहुतेक रुग्णांना ३० ते ५० टक्के प्रमाण पुरते. मिश्रणातील ऑक्सिजन ३० टक्क्यांखाली जाणार नाही अशी आधुनिक यंत्रांची रचना असते. हा वायू रक्तात अत्यल्प विरघळतो, म्हणून त्याचा परिणाम काही मिनिटांत सुरू होतो आणि तितक्याच लवकर ओसरतो. हातापायांना मुंग्या येणे, ऊबदार वाटणे, शरीर हलके झाल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे होत. शेवटी सुमारे पाच मिनिटे शुद्ध ऑक्सिजन दिला जातो.

नाक चोंदलेले असल्यास ही पद्धत निष्फळ ठरते. गरोदरपणाचे पहिले तीन महिने, फुप्फुसांचा तीव्र जुनाट विकार तसेच डोळ्यात वायू भरून केलेली अलीकडील पडद्याची शस्त्रक्रिया या परिस्थितींत ती टाळतात. नायट्रस ऑक्साइड ब-१२ जीवनसत्त्व निष्क्रिय करतो. त्यामुळे या जीवनसत्त्वाची मोठी कमतरता असलेल्यांना मज्जासंस्थेची इजा होऊ शकते. भारतात, विशेषतः शाकाहारी व्यक्तींमध्ये, ही कमतरता बरीच आढळत असल्याने हा मुद्दा येथे महत्त्वाचा आहे. उच्छ्वासातील वायू खोलीत साठू नये म्हणून तो शोषून बाहेर नेणारी यंत्रणा आवश्यक असते.

### तोंडावाटे शमन

डायझेपाम, लोराझेपाम किंवा मिडाझोलाम यांची गोळी अथवा द्रवरूप औषध उपचारापूर्वी दिले जाते. सुई किंवा विशेष यंत्र लागत नसल्याने ही पद्धत सोपी वाटते. परंतु औषध पोटातून शोषले जाण्याचा वेग व्यक्तीगणिक बदलतो आणि एकदा घेतलेली मात्रा कमी-जास्त करता येत नाही. पहिल्या मात्रेचा परिणाम दिसण्याआधीच दुसरी दिल्यास गुंगी अनपेक्षितपणे गाढ होऊ शकते.

### शिरेवाटे शमन

शिरेत सलाइनची सुई बसवून बहुधा मिडाझोलाम हळूहळू, थोड्या थोड्या मात्रेत दिले जाते. प्रत्येक मात्रेनंतर थांबून रुग्णाचा प्रतिसाद पाहता येतो, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे. मिडाझोलाममुळे औषध दिल्यानंतरच्या घटना लक्षात राहत नाहीत. अक्कलदाढ काढण्यासारख्या लांबलेल्या शस्त्रक्रियेत रुग्णाला हे सुखावह वाटते. मात्र त्याच कारणाने उपचारानंतरच्या सूचनाही तो विसरतो. म्हणून त्या सोबतच्या व्यक्तीला सांगून लेखीही दिल्या जातात. बेंझोडायझेपाइनचा परिणाम उलटवणारे फ्लुमाझेनिल हे औषध हाताशी ठेवणे आवश्यक असते. प्रोपोफोल, केटामाइन, फेंटानिल आणि डेक्समेडेटोमिडीन यांच्या वापरासाठी अधिक प्रशिक्षण व सहसा भूलतज्ज्ञाची उपस्थिती लागते.

## पूर्वतपासणी आणि तयारी

रुग्णाचे आजार, चालू औषधे, पूर्वीच्या भुलीचा अनुभव, वजन आणि रक्तदाब यांची नोंद घेतली जाते. निरोगी किंवा सौम्य व नियंत्रित आजार असलेल्या रुग्णांना सामान्यतः चिकित्सालयात शमन देता येते. गंभीर हृदयविकार, झोपेत श्वास अडखळण्याचा विकार किंवा अतिस्थूलता असल्यास रुग्णालयातील सोय योग्य ठरते. क्लॅरिथ्रोमायसिन व फ्लुकोनॅझोल या औषधांमुळे मिडाझोलामचा परिणाम वाढतो आणि लांबतो. मद्य, अफूजन्य वेदनाशामके व झोपेच्या गोळ्या यांच्यासोबत श्वसन मंदावण्याचा धोका असतो.

मध्यम व गाढ शमनापूर्वी सामान्यतः सहा तास हलका आहार आणि दोन तास पाणी वर्ज्य करण्यास सांगितले जाते. संमतिपत्रावर गुंगी येण्यापूर्वीच सही घेतली जाते. तोंडावाटे किंवा शिरेवाटे शमन झालेल्या रुग्णासोबत जबाबदार प्रौढ व्यक्ती असावी लागते. त्या दिवशी वाहन चालवणे, यंत्रावर काम करणे, मद्यपान करणे आणि महत्त्वाच्या कागदपत्रांवर सही करणे टाळावे, अशी सूचना दिली जाते.

## धोके आणि दक्षता

दंतोपचारांत उपचाराची जागा आणि श्वसनमार्ग एकच असतो. पाणी, रक्त, दाताचे तुकडे किंवा लहान उपकरणे घशात जाऊ शकतात आणि गुंगीमुळे खोकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावलेली असू शकते. यासाठी जोरदार शोषणयंत्र व शक्य तेथे रबर डॅम वापरतात. रक्तातील ऑक्सिजन, नाडी आणि रक्तदाब यांवर लक्ष ठेवले जाते. ऑक्सिजनची पातळी श्वास मंदावल्यानंतर काही वेळाने घसरते. म्हणून गाढ शमनात उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्रही वापरतात, कारण त्यातून अडचणीची सूचना लवकर मिळते. दंतवैद्याचे लक्ष दातावर असताना रुग्णाच्या श्वसनाकडे पाहणारी दुसरी प्रशिक्षित व्यक्ती खोलीत असणे हा सुरक्षिततेचा पाया मानला जातो.

लहान मुलांमध्ये ही दक्षता अधिक कसोशीने पाळावी लागते. त्यांचा श्वसनमार्ग अरुंद असतो, ऑक्सिजनचा साठा लवकर संपतो आणि सौम्य शमनाचे गाढ शमनात रूपांतर चटकन होते. औषधाची मात्रा वजनानुसार ठरते, तसेच स्थानिक बधिरीकरणाच्या औषधाचीही कमाल मर्यादा मोजावी लागते. अनेक दात किडलेल्या अगदी लहान मुलांसाठी रुग्णालयात संपूर्ण भूल देऊन एकाच वेळी सर्व उपचार करणे काही वेळा अधिक सुरक्षित ठरते.

## भारतातील स्थिती

भारतात शमनाची सोय प्रामुख्याने दंत महाविद्यालयांचे बालदंतचिकित्सा व मुखशल्यचिकित्सा विभाग, मोठी रुग्णालये आणि शहरांतील काही खासगी चिकित्सालये येथे आढळते. अनेक चिकित्सालये शिरेवाटे शमनासाठी बाहेरून भूलतज्ज्ञ बोलावतात. डायझेपाम व मिडाझोलाम ही औषधे औषधनियमांच्या एच-१ अनुसूचीत समाविष्ट आहेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि औषधविक्रेत्याला त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवावी लागते. त्यामुळे दंतोपचारापूर्वी स्वतःच्या मनाने अशी गोळी घेणे नियमबाह्य तर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे. ही बाब दंतवैद्याला ठाऊक नसल्यास नंतर दिलेल्या औषधाची त्यात भर पडते.