चेंबूरची चूल आणि वैल

चेंबूर, माहुल, तुर्भे ही मुळात तुर्भे (ट्रॉम्बे) बेटावरची गावठाणे. तिथली चूल बायकाच घालत. चाळलेल्या मातीत भाताचे तूस आणि शेण मळून ती मुरवत. मग तीन बाजूंनी भिंत उचलून वर भांडे टेकायला उंचवटे काढत. शेजारी वैल असे. चुलीतला जाळ आतल्या भोकातून तिकडे वळे, त्यामुळे चुलीवर भाकऱ्या होईतो वैलावर कालवण रटरटे. सरपण वाचवणारी ही रचना विलक्षण शहाणपणाची होती. रोजच्या पोतेऱ्याने भेगा बुजत.

१९५५ मध्ये माहुलला बर्मा शेलची रिफायनरी सुरू झाली; त्याच सुमारास मुंबईत सिलिंडरचा गॅस विकला जाऊ लागला. स्टोव्ह आणि गॅसबरोबर उभ्याचा ओटा आला, बसून रांधणे मागे पडले.