चित्र कोणाचे, छायाचित्र कोणाचे : कोल्हापूरच्या चित्रपरंपरेतील श्रेयाचा प्रश्न

कोल्हापूरला 'कलापूर' म्हणण्याचा प्रघात जुना आहे. या बिरुदात शहराचा गौरव आहे, पण ज्यांच्या हातांनी तो मिळवून दिला त्यांची नावे त्या गौरवात अनेकदा विरघळून जातात. आंतरजालावर कोल्हापूरच्या जुन्या चित्रांची छायाचित्रे आज मुबलक पाहायला मिळतात. रंकाळ्याचे जलरंगातील दृश्य, दरबारातील व्यक्तिचित्र, मूकपटाचे भित्तिपत्रक अशी ही सामग्री हातोहाती फिरते. चित्राखाली बहुधा 'जुने कोल्हापूर' एवढेच लिहिलेले असते. कधी ज्याने ते पुढे पाठवले त्याचेच नाव कोपऱ्यात उमटवलेले असते. चित्रकाराचे नाव असलेच तर छायाचित्रकाराचे नसते, आणि दोन्ही असली तर मूळ चित्र कोठे आहे हे कळत नाही. मराठी आंतरजालावर यासाठी 'श्रेयअव्हेर' हा चपखल शब्द रूढ झाला. साहित्याच्या क्षेत्रात आपण त्याबद्दल जागरूक असतो. कवितेखालचे कवीचे नाव गळले की लगेच कोणीतरी हरकत घेतो. चित्राच्या बाबतीत मात्र ही संवेदना अजून रुजलेली नाही.

या विषयात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. चित्राची वस्तू म्हणून मालकी कोणाची, त्याच्या प्रती काढण्याचा अधिकार, म्हणजे प्रताधिकार, कोणाचा आणि श्रेय कोणाचे? वस्तू विकली म्हणून प्रताधिकार विकला जात नाही. त्यासाठी कायद्याला लेखी हस्तांतर लागते. प्रताधिकार संपला म्हणून श्रेयही संपले असे होत नाही. या तीन गोष्टींचा प्रवास वेगवेगळ्या वाटांनी कसा होतो, ते कोल्हापूरच्या इतिहासातच स्पष्ट दिसते.

आबालाल रहिमान यांचे उदाहरण घेऊ. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेला हा चित्रकार कोल्हापूरला परतला, छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने दरबारी चित्रकार झाला आणि कोटितीर्थाच्या परिसरात एकांतात राहून निसर्गचित्रे रंगवीत राहिला. १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाले. त्या शोकात आबालाल यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, अशी कथा कोल्हापुरात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. चित्रांचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. आख्यायिकेचा तो स्वभावच आहे. मात्र त्यांच्या कामाचा अल्प भागच आज आपल्यासमोर आहे, ही गोष्ट खरी. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्याची चित्रे इतकी थोडी उरली, त्याच्या बाबतीत उरलेल्या प्रत्येक चित्राची ओळख मोलाची ठरते. कोणाच्याही अनामिक जलरंगाखाली 'आबालाल' असे लिहून ते फिरवले, की त्यांच्या शैलीविषयीची आपली समजच भेसळयुक्त होते. श्रेय न देणे हा जसा अन्याय, तसाच चुकीचे श्रेय देणे हाही.

आता कायद्याचा इतिहास पाहू. ब्रिटिश हिंदुस्थानात १९१४ चा प्रताधिकार कायदा होता. कोल्हापूर १९४९ पर्यंत स्वतंत्र संस्थान असल्यामुळे तो कायदा संस्थानी काळातील कामांना सरसकट लावताना अभ्यासकाने जपूनच राहिले पाहिजे. स्वतंत्र भारताचा कायदा १९५७ मध्ये संमत झाला आणि २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. कलाकृतीचा प्रताधिकार कलावंताच्या हयातीत आणि मृत्यूनंतर पन्नास वर्षे राहील, असे त्यात ठरले. रवीन्द्रनाथ ठाकुरांचे निधन १९४१ मधले. त्यांच्या साहित्यावरील विश्वभारतीचा हक्क १९९१ अखेर संपणार, या पार्श्वभूमीवर ही मुदत साठ वर्षांची करण्यात आली. बंगालमधील एका कवीसाठी वाढलेल्या या दहा वर्षांचा परिणाम कोल्हापूरच्या चित्रकारांवरही झाला. म. वि. धुरंधर कोल्हापुरात १८६७ मध्ये जन्मले आणि १९४४ मध्ये वारले. जुन्या मुदतीप्रमाणे त्यांची चित्रे १९९४ अखेर मुक्त झाली असती. ती २००४ अखेर झाली. बाबूराव पेंटर १९५४ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवरील प्रताधिकार २०१४ अखेर सरला. आबालाल यांची चित्रे कोणत्याही हिशेबाने केव्हाच प्रताधिकारमुक्त झाली आहेत. चंद्रकांत मांडरे यांचे निधन मात्र २००१ मधले. त्यांच्या निसर्गचित्रांवरील प्रताधिकार २०६१ अखेरपर्यंत जिवंत आहे. एकाच गावातील, एकाच परंपरेतील ही चित्रे कायद्याच्या दृष्टीने अशी वेगवेगळ्या काळांत वावरतात. 'जुने चित्र' हा शब्दप्रयोग म्हणूनच फसवा आहे. कायदा चित्राचे वय मोजत नाही, चित्रकाराच्या मृत्यूपासूनची वर्षे मोजतो.

छायाचित्राची कथा याहून वळणदार आहे. १९१४ च्या कायद्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे मूळ निगेटिव्ह तयार झाली त्या वेळी तिचा मालक असलेली व्यक्ती, आणि मुदत निगेटिव्ह तयार झाल्यापासून पन्नास वर्षे. म्हणजे कॅमेऱ्यामागे कोण उभे होते यापेक्षा काच कोणाची होती हे महत्त्वाचे. १९५७ च्या कायद्याने छायाचित्र घेणाऱ्या व्यक्तीला कर्ता मानले, पण मुदत प्रकाशनापासून मोजली. २०१२ च्या दुरुस्तीने हा भेदही गेला आणि छायाचित्रकाराला चित्रकाराप्रमाणेच हयात अधिक साठ वर्षे अशी मुदत मिळाली. छायाचित्रणाकडे यंत्राचे काम म्हणून पाहणारा समाज हळूहळू त्यामागचा माणूस ओळखू लागला, हे या शंभर वर्षांच्या कलमांतून वाचता येते.

मग जुन्या चित्राच्या हुबेहूब छायाचित्रावर नवा प्रताधिकार निर्माण होतो काय? न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९९९ मध्ये ब्रिजमन आर्ट लायब्ररी विरुद्ध कोरेल या खटल्यात 'नाही' असे उत्तर दिले. प्रताधिकारमुक्त चित्राची निष्ठावंत प्रतिकृती ही कौशल्याची असली तरी स्वतंत्र निर्मिती नव्हे, असा त्याचा आशय. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात हेच तत्त्व स्वीकारले आणि इंग्लंडच्या अपील न्यायालयाचा २०२३ मधील निर्णयही त्याच दिशेचा आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात, केवळ घाम गाळला म्हणून प्रताधिकार मिळत नाही, त्यात थोडीतरी सर्जकता हवी, असे सांगितले. तो खटला न्यायनिर्णयांच्या संपादित प्रतींचा होता, चित्रांचा नव्हे. परंतु त्याचे तत्त्व लावले तर सपाट चित्राच्या हुबेहूब छायाचित्रावर नवा हक्क सांगणे अवघड आहे. शिल्पाचे छायाचित्र, किंवा दालन, चौकट आणि प्रेक्षक यांसह टिपलेले दृश्य यांची गोष्ट निराळी. तेथे कोन, प्रकाश आणि क्षण यांची निवड छायाचित्रकाराची असते.

येथे एक सोयीस्कर निष्कर्ष काढला जातो : हक्क नाही, तर नाव कशाला? हा निष्कर्ष इतिहासाच्या विद्यार्थ्याला परवडणारा नाही. चित्राचे छायाचित्र हा एक दस्तऐवज असतो. तेलरंगावरील वॉर्निश काळवंडते, कागदावरचा जलरंग विटतो, दुरुस्तीच्या वेळी नवा रंग चढतो. छायाचित्र कोणी, केव्हा, कोठे काढले हे माहीत असेल तरच चित्राची त्या दिवशीची अवस्था सांगता येते. शाहू महाराजांनी बांधलेल्या पॅलेस थिएटरला, म्हणजे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली आणि शतकभराची ती वास्तू भस्मसात झाली. अशा दुर्घटनेनंतर पूर्वी काढलेली छायाचित्रे हीच साक्ष उरते. आणि ज्या साक्षीदाराचे नावगाव ठाऊक नाही, त्याच्या साक्षीला किती वजन द्यायचे? बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. 'कल्याण खजिना' या १९२४ च्या चित्रपटाच्या भित्तिपत्रकासारख्या वस्तूंवरून आणि स्थिरचित्रांवरून आपण त्या दृश्यविश्वाची कल्पना करतो. ज्याने मेस्त्री हे आडनाव मागे ठेवून 'पेंटर' हा व्यवसायच नावाला जोडला, त्याचे चित्र अनामिक होऊन फिरावे यात एक क्रूर विसंगती आहे.

श्रेयाचा सर्वांत ठळक अव्हेर मात्र जुन्या दरबारी चित्राचा नाही. शासकीय कार्यालये आणि शाळांतून दिसणारे शिवछत्रपतींचे शासनमान्य चित्र कोल्हापूरचे चित्रकार जी. कांबळे (१९१८–२००२) यांनी रंगवले. महाराष्ट्रात हे चित्र ओळखत नाही असा माणूस मिळणे कठीण. ते कोणी काढले हे सांगू शकणारा माणूस मिळणे त्याहून कठीण. कांबळे हे मोठमोठ्या चित्रपट-फलकांचे चित्रकार. फलक रस्त्यावर उभा राहतो, चित्रपट उतरला की उतरतो, आणि रंगवणाऱ्याची सही कोणी वाचत नाही. त्या व्यवसायाचे अनामिकत्व जणू या चित्रालाही चिकटले. येथे प्रतिमा इतकी मोठी झाली की ती घडवणारा हात दिसेनासा झाला. श्रद्धेपोटी असे घडले असे म्हणता येईल. पण श्रद्धेला चित्रकाराचे नाव का जड व्हावे?

श्रेय ही केवळ सौजन्याची बाब आहे असेही नाही. १९५७ च्या कायद्याचे ५७ वे कलम कर्त्याला, प्रताधिकार दुसऱ्याला दिल्यानंतरही, आपले कर्तेपण सांगण्याचा आणि कृतीच्या विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा अधिकार देते. दिल्लीच्या विज्ञान भवनातील आपल्या भित्तिशिल्पाच्या दुर्दशेबद्दल अमरनाथ सहगल यांनी याच कलमाच्या आधारे लढा दिला आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. २०१२ पर्यंत या कलमात एक विलक्षण अपवाद होता : कर्त्याच्या मृत्यूनंतर वारसांना विद्रूपीकरणाविरुद्ध दाद मागता येई, पण कर्तेपणाचा दावा करता येत नसे. म्हणजे चित्र फाडले तर वारसांनी बोलावे, नाव पुसले तर गप्प राहावे. दुरुस्तीने हा अपवाद काढून टाकला. चित्रकाराचे नाव त्याच्या मृत्यूनंतरही राखण्याजोगे आहे, हे कायद्याला उशिरा का होईना उमगले.

याच्या उलट टोकाचा दोषही सांगितला पाहिजे. प्रताधिकारमुक्त चित्रावर आपल्या नावाचे जलचिन्ह उमटवून ते अडवून ठेवणे ही सार्वजनिक ठेव्यावरची कुंपणे आहेत. कष्टाने छायाचित्र मिळवणाऱ्याला नावाचा मान जरूर द्यावा. पण त्या नावाने आबालाल यांचा रंकाळा झाकला जाऊ नये. नाव खाली असावे, चित्रावर नव्हे. सही आणि चौकट कापून चित्र 'नेटके' करण्याची हौस तर त्याहून घातक, कारण तिच्यात पुरावाच नष्ट होतो.

साहित्याच्या शिक्षकांना यात करण्याजोगे बरेच आहे. विद्यार्थ्याच्या प्रबंधात कवितेच्या ओळीला संदर्भ नसेल तर आपण तो परत पाठवतो. चित्राला मात्र 'आंतरजालावरून साभार' एवढ्यावर सोडून देतो. हा संदर्भ नव्हे, संदर्भ शोधण्याचा आळस आहे. चित्रकाराचे नाव, माध्यम, माहीत असल्यास रंगवल्याचे वर्ष, मूळ चित्र असलेली संस्था, छायाचित्रकाराचे नाव आणि छायाचित्राचे वर्ष, एवढे चित्राखाली दोन ओळींत मावते. ज्याविषयी खात्री नसेल तेथे 'चित्रकार अज्ञात' असे स्पष्ट लिहावे. नाव ठाऊक नसल्याची ही प्रांजळ नोंद पुढच्या अभ्यासकाला शोधाची जागा दाखवते. खोटे नाव ती जागाच बुजवून टाकते.