रेशनच्या बाटलीतलं पामतेल

मार्केट यार्डात माल लावून तुम्ही शेजारच्या बिबवेवाडीत किराणा घ्यायला शिरलात, तर दुकानात पामतेल हमखास दिसेल. बिबवेवाडी एके काळी पुण्याबाहेरचं खेडं होतं. अशा गावांतून तेव्हा घाण्याचं तेल खात; करडईचं, नाहीतर भुईमुगाचं. मग हे परदेशी तेल आपल्या कढईत आलं कुठून?

1970 नंतरच्या दशकात खाद्यतेल महागलं. 1972 साली मुंबईत महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. पुढे राज्य व्यापार महामंडळामार्फत पामतेल आयात झालं आणि त्यातला पातळ भाग, म्हणजे पामोलीन, रेशनवर मिळू लागला. बाटली घेऊन रांगेत उभं राहायचं, आणि थंडीत तेल थिजलं की 'यात डालडा मिसळलाय' म्हणून दुकानदाराशी भांडायचं! ते भांडण बहुधा फुकटचंच. पामतेलात जवळजवळ निम्मी स्निग्धाम्लं संपृक्त, म्हणजे गारठ्यात गोठणारी असतात. करडईच्या तेलात ती दहाव्या हिश्श्याच्या आसपास. संपृक्त भाग जास्त पोटात गेला की रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं.

म्हणून पामतेल विष ठरत नाही. ताडाच्या जातीच्या या झाडाच्या फळाचा गर पिळला की लालभडक तेल निघतं. तो रंग गाजरातल्या कॅरोटीनचा, 'अ' जीवनसत्त्व देणारा. शुद्धीकरणात तो जवळजवळ सगळा जातो. आपल्याला मिळतं ते फिकट तेल. याच फळाच्या कोयीचं तेल मात्र निराळं. ते खोबरेलासारखं, पाचात चार हिश्शांहून जास्त संपृक्त. बिस्किटांच्या पुड्यावर 'पाम' वाचलंत, तर गराचं की कोयीचं तेही बघा.

1994 साली पामोलीनची आयात व्यापाऱ्यांना खुली झाली. बाहेरदेशी तेलताडाच्या चांगल्या बागेत हेक्टरी तीन-चार टन तेल निघतं. आपली कोरडवाहू करडई त्या भावाशी कशी झुंजणार? ज्यांनी पेरायची सोडली, त्यांना दोष देता येत नाही.

पण घरापुरता विचार वेगळा. तळणाला पामोलीन वापरत असाल, तर रोजच्या फोडणीला तरी दुसरं तेल ठेवा. हस्ताच्या पावसावर ओल असेल, तर रब्बी ज्वारीत चार ओळी करडई टाका. काट्यांचा कंटाळा असेल, तर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण काढले आहेत. बी घाण्यावर न्याल तेव्हा पेंड तिथेच सोडू नका, गोठ्यासाठी घरी आणा.